पडवी कुणाची

माझ्या धाकट्या जावेनं परसात लाकडाची पडवी बांधायला काढली, त्या उन्हाळ्यात मला जेवण गोड लागलं नाही. बायका विचारायच्या, अशी वाळलीस का गो? मी म्हणायची, उन्हाळा बाधला. उन्हाळा कसला बाधतोय मला, जन्म गेला उन्हात! मला ती पडवी बाधली होती. पोटात दुखत होतं, आणि चांगला मुरडा येऊन दुखत होतं. आता या वयात लपवायचं कोणापासून?

आमचं घर किन्हवलीच्या अलीकडं. बाहेरून बघाल तर एकच लांब घर, आत मात्र दोन संसार. सासरे गेल्यावर दोघा भावांनी मधोमध कारवीचा कूड घातला, शेणानं लिंपला आणि घराचे दोन भाग केले. मावळतीकडचा आमचा, उगवतीकडचा दिरांचा. चुली दोन झाल्या, पुढची दारं दोन झाली, मागची दारंही दोन झाली. परस तेवढा एकच राहिला, कारण परसात कूड घालून कोण बसतो? भांडी वाटली, बैल वाटले, विळे-कोयतेसुद्धा वाटले. सासूबाई मात्र एकच. त्यांची वाटणी कशी करणार?

म्हणून पाळी ठरली. एक महिना माझ्या चुलीवर, एक महिना तिच्या. अवस झाली की सासूबाई गोधडी बगलेत मारायच्या, मिश्रीची डबी कमरेला खोचायच्या आणि अंगणातून पलीकडच्या दाराला जायच्या. सगळी आळी ते बघायची. कोणाकडं जाताना म्हातारी हसत गेली आणि कोणाकडं जाताना तोंड पाडून गेली, हेसुद्धा बघायची. गावाला दुसरा उद्योग काय?

आता जावेबद्दल सांगते. ती भिवंडीकडची. तिचं बोलणं मऊ, हात मऊ, आणि भाकरी तर अशी मऊ की दुसऱ्या दिवशीही दुमडावी. मी मुरबाडकडची. आमच्याकडं मऊ बोललं तर माणसाला वाटतं, हिला ताप आलाय. मी तिला एक बोलले की ती गप्प. दोन बोलले तरी गप्प. कंबर बांधून भांडायला उभं राहावं आणि समोर कोणी नाही, असं माझं कायम व्हायचं. तिच्यात एखादा दोष सापडला असता तर मी तिच्यावर जीव लावला असता, खरं सांगते. पण मेलीनं तेवढीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

आणि सगळ्यात जास्त मी कशावर जळायचे, तर तिच्या जळणावर. आषाढात तिनं एक फुंकर घातली की चूल पेटायची. माझी नाही. त्याला कारण होतं. आमच्याकडं पाऊस मावळतीकडून येतो, तिरका येतो, आणि वाटणीत मावळत आमच्या कपाळी आलेली. दोघी हिवाळ्यात सारख्याच मोळ्या आणायचो, सारखीच लाकडं आपापल्या मागच्या दाराशी रचायचो, वर पळसाची पानं आणि पेंढा घालायचो. तिची लाकडं घराच्या आडोशाला, म्हणून निम्मी तरी सुकी राहायची. माझी तळापासून भिजायची. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. ज्यानं कोणी ही म्हण केली त्यानं ऐनाचं ओलं लाकूड कधी चुलीत घातलं नसणार. ओलं जळत तर नाहीच, सुक्यालाही विझवतं. मी फुंकणी घेऊन बसायची, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, घरभर धूर. आणि त्या धुरात सासूबाई खोकायच्या.

तो खोकला म्हणजे माझ्या जिवाला घोर होता. आदल्या आषाढात माझी पाळी होती, अवस अजून लांब होती, तरी एका सकाळी सासूबाईंनी गोधडी उचलली. नुसतं म्हणाल्या, "धूर सोसत नाय गो बाय," आणि पावसातून पलीकडं गेल्या. समोरच्या घरातली बाई दारातच उभी होती. संध्याकाळपर्यंत आळीत झालं, थोरलीला सासू ठेवता येत नाय. मी थोरली. थोरल्या मुलाची चूल ती घराची चूल, म्हातारी माणसं शेवटी तिथंच असायची, अशी आमच्यात रीत. एकदा सासू पाळी मोडून गेली, दुसऱ्यांदा गेली, की तिसऱ्यांदा ती परत कशाला येते? मला तीच भीती होती. सासूबाई काही फार गोड नव्हत्या, पण त्या माझ्याकडून गेल्या तर आळीत माझं नाक राहणार नव्हतं.

नवऱ्याला मी लग्न झाल्यापासून सांगत होते, मागच्या दाराशी एक पडवी काढा, नुसती लाकडांपुरती. तो म्हणायचा, होईल. त्या माणसाचा तो एकच शब्द. म्हशाच्या जत्रेतून बैल आणायचा म्हटलं की पहाटे निघायचा, पडवी म्हटलं की होईल. बैल दिसतो, चार माणसं शेपटी धरून बघतात, वाहवा करतात. बायकोच्या डोळ्यातला धूर कोण बघायला येतो?

आणि मग धाकट्या दिरांना खर्डीला लाकडाच्या वखारीत काम लागलं. लढाईचे दिवस. डोंगरातलं लाकूड खाली उतरत होतं, करवतींना उसंत नव्हती. ओंडका कापताना पहिली जी फळी निघते, एका अंगानं सपाट आणि दुसऱ्या अंगाला साल तशीच, तिला वखारीत कोणी विचारत नसे. मालकानं सांगितलं, न्या हव्या तेवढ्या. दिरांनी गाडी भरून आणली. गाडी परसात रिकामी होत होती आणि मी मागच्या दारात तांदूळ पाखडत होते. सागाच्या फळ्या! साल लागलेली असली म्हणून काय झालं, साग तो साग. त्या खाली पडताना असा भरीव आवाज यायचा की माझ्या सुपातून तांदूळ उडून मातीत गेले. जाऊ पदर खोचून फळ्या मोजून रचत होती. माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, हिणवतेय.

वर आणखी मीठ चोळायला सुतार कुठला आणावा? मुरबाडकडचा, माझ्या माहेरच्या गावचा! मला ताय म्हणणारा. माझ्या बापाच्या घराची दारं त्यानं केलेली. तो आला, पहिल्यांदा माझ्या दारात येऊन पाणी प्यायला, माहेरची खुशाली सांगितली, आणि मग हत्यारांची पिशवी उचलून तिच्या कामाला गेला. माझं माणूस, आणि पडवी तिची!

मी म्हटलं, असू दे. काम तिचं, पण माणूस माझं आहे हे तरी गावाला दिसू दे. मी त्याला दुपारी जेवायला बोलावलं. तिनं आधीच वाढून ठेवलं होतं. तो तिच्याकडं जेवून माझ्याकडं आला आणि ताय नाराज होईल म्हणून पुन्हा जेवला. दुसऱ्या दिवशी तिनं सुकट केली, म्हणून मी बोंबील भाजले. तिनं खीर केली, म्हणून मी वडे तळले. सुतार बिचारा दोन्हीकडं मान खाली घालून जेवायचा आणि मग फणसाखाली आडवा व्हायचा. पडवीचं काम लांबलं ते आम्हा दोघींच्या स्वयंपाकानं. नवरा एकदा म्हणाला, हा सुतार माझ्या बैलापेक्षा बरा खातोय. मी त्याला सांगितलं, तुम्ही पडवी बांधली असतीत तर मी तुम्हालाही वडे तळून घातले असते.

खिळे तेव्हा मिळत नव्हते. लढाईनं लोखंड सगळं गिळलेलं, रॉकेल नाही तर खिळे कुठले? सुतारानं खैराच्या खुंट्या तासल्या आणि लाकडात लाकूड बसवून वरून खुंटी ठोकली. मेढीचे खांब पुरले, मेढीवर आडवं लाकूड चढवलं. काम बेस होतं, मला नाव ठेवायला जागा सापडेना. मी तरी म्हटलं, खुंट्या पावसात फुगतील. सुतार म्हणाला, "फुगल्या म्हणजे घट्ट बसतात, ताय."

आता पडवीचं एक लक्षात घ्या. पडवीला स्वतःच्या तीनच बाजू. चौथी बाजू म्हणजे घराची भिंत. वाशांची खालची टोकं मेढीवर आणि वरची टोकं भिंतीत. म्हणजे ज्याची भिंत त्याच्या जिवावर ती उभी राहते. आणि आमच्या मागच्या भिंतीत कोणाचं किती हे बाहेरून कळायला एकच खूण होती. आतल्या कुडावर जी तुळई होती तिचं टोक भिंतीच्या बाहेर वीतभर आलेलं होतं. टोकाच्या अलीकडं आमचं, पलीकडं त्यांचं.

एका सकाळी मी शेण टाकायला मागं गेले आणि बघते तर सुतार कोळशानं भिंतीवर खुणा करतोय, वाशांना भोकं पाडायच्या. खुणा तिच्या दारापासून निघाल्या, तुळईच्या टोकापर्यंत आल्या, टोक ओलांडलं, आणि माझ्या भिंतीवरून सरळ माझ्या दाराच्या चौकटीपर्यंत आल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला विचारलं, किती लांब रे ही पडवी? तो म्हणाला, त्या दारापासनं या दारापर्यंत, असंच सांगितलंय. कोणी सांगितलं? धाकट्या वयनींनी. तुम्हां घरातल्यांचं तुम्हीच बघा, म्हणाला आणि पुन्हा कोळसा हातात घेतला.

मी जावेकडं स्वतः गेले नाही. का जावं? थोरलीनं धाकटीच्या दारात विचारायला जायचं? सासूबाई तेव्हा माझ्याकडं होत्या, मी त्यांना पाठवलं. म्हटलं, विचारून या, ही पडवी आहे तरी कोणाची, म्हणजे मला कळू दे भिंत कोणाची ते. सासूबाई गेल्या. तिकडं बसल्या असतील, मिश्री लावली असेल, घाई म्हणून नव्हतीच त्यांना कसली. मी इकडं एक भाकरी करपवली. शेवटी आल्या आणि उंबऱ्यात टेकून म्हणाल्या,

"ती म्हणते, पडवी आपली हाय."

बस्स. झालं. पडवी आपली आहे म्हणते! म्हणजे स्वतःची. लाकूड तिच्या नवऱ्यानं आणलं, सुतार त्यानंच लावला, पडवी आपली, आणि वासे टेकवायला भिंत माझी! एवढी मऊ बोलणारी बाई, आणि पोटात हे? मला राग आला, आणि खरं सांगू का, थोडा आनंदही झाला. इतकी वर्षं शोधत होते तो दोष सापडला.

रात्रीची वाटसुद्धा बघितली नाही. नवरा नांगराचा फाळ ठोकत होता, तिथंच त्याला सांगितलं, भावाला सांगा, आमच्या भिंतीला एक वासा टेकला तर मी उपटून टाकीन. त्यानं माझ्याकडं बघितलं. होईल म्हणायची सोय नव्हती. तो गेला आणि भावाला म्हणाला असेल, ती नको म्हणते. भाऊ म्हणाला असेल, बरं. त्या दोघांचं बोलणं एवढंच असायचं. बैलाबद्दल असतं तर दुपार गेली असती.

सुतारानं माझ्या बाजूच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसल्या. पडवी तुळईच्या टोकाशी येऊन थांबली, ठरली होती त्याच्या निम्मीच झाली. वर कौलं चढली, तिन्ही बाजूंना फळ्या लागल्या. माझ्या वाट्याचे तासून ठेवलेले वासे तसेच उरले, ते जावेनं उचलून कुठं ठेवले मला दिसलं नाही. तिनं मला काही विचारलं नाही. नुसती त्या दिवशी पाण्याला गेली तेव्हा माझ्यासाठी थांबली नाही. मी मनात म्हटलं, लागलं ना? लागू दे.

पण एक गोष्ट मला कळेना. पडवीला तिच्या बाजूनं दार होतं, ते ठीक. माझ्या बाजूच्या फळ्यांतही तिनं एक दार ठेवलं होतं, अगदी माझ्या मागच्या दाराकडं तोंड करून, आणि त्याची खिट्टी आतून नव्हती, बाहेरून होती. मी सुताराला म्हटलं, हा काय उलटा कारभार? तो म्हणाला, धाकट्या वयनींनी सांगितलं तसं केलं. मी म्हटलं, काय बाई आहे, खिट्टी परक्याच्या हाती देऊन बसली. मग वाटलं, नाही, मुद्दाम केलंय. मी भांडी घासायला बसले की ते दार माझ्या डोळ्यापुढं यावं, आणि त्या दाराआड सुकी लाकडं आहेत हे मला रोज आठवावं. माझ्या डोळ्यात सलावं म्हणूनच ते दार. आणि सललं, हे मान्य केलं पाहिजे. मी भांडी घासायची जागा बदलली. शेवग्याखाली पाठ करून बसायला लागले.

पाऊस लागला. माझी लाकडं नेहमीसारखी भिजली. ज्येष्ठ तिच्याकडं होता, तो सुखात गेला. अवसेला सासूबाई गोधडी घेऊन माझ्याकडं आल्या आणि आषाढ सुरू झाला, आणि धूर, आणि खोकला. मी रॉकेल मागायला सुद्धा फिरले, कोणाकडं नव्हतं. चुलीच्या वर दोऱ्या बांधून लाकडं सुकत टाकली, ती तापून थेंब गाळायची, चुलीतच. समोरची बाई काहीतरी निमित्त काढून डोकावून जायची, म्हातारी आहे का गेली ते बघायला. मी तिला बसायला पाट द्यायची, आत जळत का होईना.

एका सकाळी मी फुंकून फुंकून थकले. घरात समोरचं माणूस दिसत नव्हतं. सासूबाई खोकत उठल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या, आणि मी बघते तर गोधडीची घडी घालतायत. माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली. अवस कुठल्या कुठं लांब होती. आता ही बाहेर पडेल, समोरची दारातच असेल, आणि मग संपलं. मी म्हणणार होते, थांबा ना हो. पण मला विनवणी कधी येतच नाही. सासूबाईच आधी बोलल्या, चिडून.

"सारखी फुकते नि फुकते. पडवीतनं दोन सुकी लाकडं का नाय आणत गो तू?"

मी म्हटलं, "मी नाय कोणाच्या पडवीत पाय ठेवायची."

"कोणाच्या म्हंजे? आपली ना ती?"

"आपली म्हंजे तिची. तुमीच सांगितलंत ना मला, ती म्हणते पडवी आपली हाय?"

सासूबाईंनी गोधडी खाली टाकली आणि कपाळावर हात मारला.

"अगो, तिची असती तर ती माझी नसती का म्हणली? आपली म्हणली ती. तुझी नि तिची."

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? 'आपली' हा शब्दच असला दुतोंडी. नवरा बायकोला म्हणतो आपलं घर, ते दोघांचं. पाहुण्याला म्हणतो, या, घर आपलंच आहे, ते कोणाचंच नाही, नुसतं बोलायचं. आणि आपलं ते बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, यातलं आपलं कोणाचं? स्वतःचं, फक्त स्वतःचं! तिनं सासूबाईंना सांगितलं ते एक, सासूबाईंनी मला सांगितलं ते तेच, आणि माझ्या कानापर्यंत येईस्तोवर त्याचं तिसरंच झालं. मी सासूबाईंना म्हटलं, तेव्हाच का नाही उलगडून सांगितलंत? त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक तुला आपली कळत नाय. मला वाटलं, तुला नको. तुझा तो ताठा, मी कशाला बोलू?

मी डोक्यावर इरलं घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले. पाऊस कोसळत होता. ते दार समोरच होतं, चार पावलांवर. खिट्टी माझ्या बाजूला. इतके दिवस मी तिच्याकडं पाठ करून भांडी घासत होते. खिट्टी वळवली, दार उघडलं.

आत सुकं होतं. जमीन सारवलेली. पलीकडच्या अर्ध्या भागात तिची लाकडं छपरापर्यंत रचलेली, दाटीवाटीनं, इतकी की काही गोवऱ्या वर जागा नाही म्हणून टोपलीत टांगलेल्या. आणि अलीकडचा अर्धा भाग रिकामा. नुसता रिकामा नाही, खाली दगड मांडून त्यावर फळ्या टाकलेल्या, लाकडांना ओल लागू नये म्हणून. वर, वाशांखालच्या आडव्या लाकडावर, माझ्या वाट्याचे ते उरलेले वासे नीट बांधून ठेवलेले. एवढा पाऊस झाला, तिला जागा पुरत नव्हती, गोवऱ्या टांगाव्या लागत होत्या, तरी त्या फळ्यांवर तिनं एक काटकी ठेवली नव्हती.

तेवढ्यात तिच्या बाजूचं दार उघडलं. ती लाकडं न्यायला आली होती. मला बघून थबकली. मी इरलं डोक्यावर तसंच घेऊन उभी, त्याचं पाणी तिच्या सारवलेल्या जमिनीवर गळत होतं.

ती म्हणाली, "ती बाजू गळत नाय, जाऊबाई. मी बघितलंय."

मग ती हळूच म्हणाली, "भिंतीला हात लावू नका म्हणालात. मला वाटलं, तुमाला माझ्याबरोबर नको."

लोकांना वाटेल, माझ्या डोळ्यात पाणी आलं असेल. डोळ्यात पाणी होतं, पण ते धुराचं. मला आला तो राग. देणाऱ्यानं असं गुपचूप द्यायचं, मनात ठेवायचं, दार करायचं, फळ्या मांडायच्या, आणि आपण इकडं तिला शिव्या देत बसायचं, हा कुठला न्याय? मोठ्या मुश्किलीनं एक दोष हाती लागला होता, तोही काढून घेतला. मी म्हटलं, तुझी लाकडं दे थोडी, माझी सुकेस्तोवर. नि माझी इकडं ठेवली तर तुझ्यात मिसळू नकोस, माझी ऐनाची आहेत. ती म्हणाली, नाय मिसळणार. तिनं स्वतःच्या हातांनी मला सुकी लाकडं काढून दिली, चांगली धावड्याची.

चूल पेटली. सासूबाईंनी गोधडी परत खुंटीला लावली आणि अवसेपर्यंत मिश्री लावत माझ्याच चुलीपुढं बसून राहिल्या. समोरची बाई दोनदा डोकावून गेली. मी तिला चहा केला, पेटलेल्या चुलीवर, तिच्या डोळ्यादेखत.

पुढल्या उन्हाळ्यात सुतार पुन्हा आला. ठेवलेले वासे खाली काढले, माझ्या भिंतीत भोकं पडली, पडवी माझ्या दारापर्यंत आली. यावेळी त्याचं जेवण पाळीनं ठरवलं, म्हणून काम लवकर उरकलं. मी नवऱ्याच्या मागं लागून माझ्या बाजूच्या दाराला सागाची अखंड फळी आणवली, साल नसलेली. तिच्या दाराला सालीचीच होती. तेवढं मला बरं वाटलं.

त्यानंतरची गोष्ट सांगते आणि थांबते. दिवाळीच्या आधी कासारीण आली. आम्ही दोघी पडवीपुढं बांगड्या भरायला बसलो. माझा हात कासारणीच्या हातात होता, ती काकणं चढवता चढवता वर बघून म्हणाली, पडवी बेस हाय गो, कोणाची? मला ठाऊक होतं जाऊ काय म्हणणार. म्हणून तिनं तोंड उघडायच्या आत मी घाईघाईनं म्हटलं,

"आपली."

मला वाटलं, घे. या खेपेला मी आधी म्हटलं. पण कासारणीनं माझाच हात कौतुकानं दाबला.

"तुझी व्हय? बरं केलंस. थोरलीसारखं केलंस. धाकटीला ठेवू देतेस ना दोन लाकडं?"

आता मी कुठून सुरुवात करणार, आपली म्हणजे कशी आणि कोणाची? मी तोंड उघडलं, पण जाऊ माझ्या आधी बोलली. मान खाली, डोळे काकणांवर, आवाज तोच मऊ.

"देतात ना. अर्धी पडवी दिलीय मला जाऊबाईंनी."

कासारीण माझी वाहवा करत राहिली. जाऊ हसली नाही, निदान मला दिसेल अशी नाही. खरं बोलावं तर मी लहान ठरते आणि गप्प बसावं तर ती मोठी ठरते. शेवटी मी कासारणीला एवढंच सांगितलं, हिला भरशील त्याच्यापेक्षा एक काकण मला जास्त भर.